प्रकल्प नोंदी: एक रायफल, दोन कामं, चारशे पाउंड

१२ जानेवारी २०२५, रविवार. टेलफर्ड, इंग्लंड

टेलफर्डपासून पाऊण तासावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं गहू-जवाचं शेत आहे. सप्टेंबरात त्याच्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक मी दुरुस्त करून दिलं होतं आणि पैसे घेतले नव्हते. काल त्याचा फोन आला. कुंपणालगतचा गहू ससे मुळापासून कुरतडतायत. "तू क्लबात नेमबाजी शिकतोस ना? मग ये की."

शिकतोय हे खरं. ऑक्टोबरपासून दर रविवारी जातो, पण दुसऱ्याची एअर रायफल (हवेच्या जोरावर छर्रा सोडणारी) मागून. आता स्वतःची घ्यायची. एकच घ्यायची. क्लबात हंटर फील्ड टार्गेट, म्हणजे झाडीत मांडलेली पत्र्याची लक्ष्यं, ८ ते ४५ यार्डांपर्यंत. आणि संध्याकाळी शेतावर ससे. दोन्हीला तीच चालली पाहिजे.

एकूण ४०० पाउंड. स्कोप (नेमाची दुर्बीण), पंप, छर्रे, पिशवी, सगळं धरून. आकडा बायकोनं ठरवला. कुलपाचं कपाट त्यात धरायचं की नाही यावर चर्चा झाली. धरायचं, असं ठरलं. मी चर्चेत हजर होतो.

१८ जानेवारी, शनिवार

आधी कायदा, मग हौस.

इंग्लंडात एअर रायफलला परवाना नाही, मात्र नळीतून सुटताना छऱ्याची ऊर्जा १२ फूट-पाउंडांच्या वर जाता कामा नये. १९६९ सालचा नियम. वर गेली की कायद्याच्या नजरेत ती खरी बंदूक, आणि प्रमाणपत्राशिवाय बाळगली की गुन्हा. स्कॉटलंडमध्ये २०१६च्या अखेरीपासून साध्या एअरगनलाही प्रमाणपत्र लागतं, म्हणून तिकडच्या सहलीला ही न्यायची नाही. घरात अठराच्या आतलं कुणी असेल तर त्याच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था करणं मालकावर बंधनकारक. धाकटी आठ वर्षांची आहे. कपाटाचा वाद तिथंच मिटला.

संध्याकाळी कराडहून भावाचा फोन. "दादा, तसली एक इकडं पाठव, उसात रानडुकरांनी उच्छाद मांडलाय." त्याला सांगितलं, बाबा, १२ फूट-पाउंड म्हणजे सव्वासोळा जूल. डुकराला ढेकूण चावल्यासारखं वाटेल आणि तुझ्यावर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली केस होईल ती वेगळीच. गंमत अशी की आपल्याकडं विनापरवाना मर्यादा २० जूल आणि .१७७ची नळी (आकडा नळीच्या आतल्या रुंदीचा, इंचात), म्हणजे ऊर्जेच्या बाबतीत इंग्रजांपेक्षा आपण पावणेचार जूल उदार. पण तिकडं त्या रायफलीनं ससा टिपला तर तुरुंग, आणि इकडं शेतकरी वर चहा पाजतो.

आईनं मागून विचारलं, "स्वप्नील कुसाळेची असती तसली का रं?" नाही आई. त्यानं पॅरिसला ५० मीटरवर ब्राँझ घेतलं ती .२२ची काडतुसाची रायफल. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ला जगज्जेता झाला ती मात्र हवेवरची, पण दहा मीटरची. ती कागदासाठी असते, सशासाठी नव्हे. आणि त्या किमतीत आपल्या बजेटच्या कितीतरी रायफली येतील.

२५ जानेवारी, शनिवार

क्लबात आज सरावाचा दिवस. दोन जातीच्या रायफली हातात घेऊन बघितल्या.

पहिली स्प्रिंगवाली: वायराउखची एचडब्ल्यू ९५. जर्मन माल, नळी बिजागरीवर खाली वाकवून स्प्रिंग ताणायची. चाप इतका स्वच्छ सुटतो की कारखान्यातल्या आमच्या एकाही स्विचला ती सर नाही. हवा भरायची भानगड नाही, पंप नाही, बाटली नाही. खिशात छर्रे टाका आणि चला. स्वस्तात सगळं एकात हवं असेल तर खरं उत्तर हेच, असं मी घरून ठरवून गेलो होतो.

तीस यार्डांवर पाच छर्रे मारले. पाच सेंटिमीटरांत पसरले. पुन्हा पाच. तेवढेच.

कारण मेकॅनिकला समजायला अवघड नाही. स्प्रिंग सुटली की पिस्टन पुढं धावतो, रायफल मागं येते. पिस्टन हवेच्या गादीवर आदळला की रायफल पुढं जाते. एवढं सगळं होईपर्यंत छर्रा अजून नळीतच असतो. मूठ जरा आवळली, हनुवटी जरा जास्त टेकली, की तो दुसरीकडं. दरवेळी तंतोतंत तसंच धरता आलं तर ती सुईच्या नाकातून मारते. क्लबात दोघं तसं मारतातही. त्यातला एक तीस वर्षं तेच करतोय.

दुसरी आधीच हवा भरलेली, पीसीपी. म्हाताऱ्या सेक्रेटरीची एअर आर्म्स एस २००. आखूडशी, हलकी, एकावेळी एकच छर्रा, सिलिंडर १९० बार दाबाला भरायचा. चाप ओढला, 'टप्' झालं, हातात काहीच हललं नाही. पाच छर्रे दोन सेंटिमीटरांत. हात तेच होते, सकाळ तीच होती.

म्हातारा म्हणाला, "स्प्रिंगवाली तुला नेमबाज करील, दहा वर्षांनी. ससे तोवर थांबणार आहेत का?"

पीसीपी ठरली. म्हणजे पंपाचा खर्च आला आणि नवी रायफल बजेटबाहेर गेली. सेकंडहँड बघायची.

जाता जाता: बीएसएच्याही दोन होत्या. आजोबांच्या सायकलीच्या चिन्हात तीन बंदुका एकमेकींना टेकून उभ्या असायच्या. सायकलीवर बंदुका कशाला, हे कोडं मला लहानपणापासून होतं. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ला बंदुकांसाठीच निघालेली कंपनी, सायकली मागाहून आल्या. कराडचं कोडं इथून तासाभराच्या अंतरावर सुटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

बाहेर बर्फ. दिवसभर लॅपटॉपवर तक्ता: .१७७ की .२२?

इथले जुने लोक एका वाक्यात सांगतात: पत्र्याला .१७७, प्राण्याला .२२. मला दोन्ही करायचंय, म्हणून हिशेब.

ऊर्जा कायद्यानं बांधलेली, म्हणून हलका छर्रा वेगानं जातो, जड छर्रा रेंगाळत. .१७७चा ८.४४ ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं माप) छर्रा ७८० फूट/सेकंदानं सोडला तर ११.४ फूट-पाउंड. .२२चा १५.८९ ग्रेनचा ५७० फूट/सेकंदानं सोडला तर ११.५. कागदावर जुळे भाऊ. आता दोघांचा नेम ३० यार्डांवर जुळवला असं धरू:

३५ यार्डांवर .१७७ सुमारे ९ मिलिमीटर खाली, .२२ सुमारे २१.
४० वर २३ आणि ५१.
४५ वर ४३ आणि ९१.

मला रुचला तो आकडा शेवटचा नाही, मधला फरक. अंतर ३५ आहे असं समजून मारलं आणि ते निघालं ४०, तर .१७७ दीड सेंटिमीटरनं चुकतो, .२२ तीननं. सशाच्या डोक्यातली मर्माची जागा जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. म्हणजे अंदाजात पाच यार्डांची चूक .१७७ कशीबशी पोटात घालतो; .२२ ती जखमी सशाच्या रूपानं बाहेर काढतो. आणि अंदाजात पाच यार्ड चुकणं हे माझं रोजचं आहे.

.२२च्या बाजूनं: तीस यार्डांवर त्याच्यात सुमारे ८.९ फूट-पाउंड उरतात, .१७७त ८.१. छर्रा जाडही आहे, धक्का जास्त देतो. किंचित चुकीच्या जागी लागला तरी भागतं, असा त्याचा लौकिक. पण किंचित चुकीच्या जागी लागू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे ना.

वाऱ्याचं गणित करताना मात्र हात थांबला. ताशी दहा मैलांचा आडवा वारा, ४० यार्ड: दोन्ही छर्रे आठ सेंटिमीटरांहून जास्त वाहून जातात. दोन्ही! दहा मैल म्हणजे काही वादळ नव्हे, इथं ती झुळूक. तेव्हा 'लांब पल्ला' हा शब्द १२ फूट-पाउंडांना लावायचा तर तो ४५-५० यार्डांपर्यंतच, आणि तोही पत्र्यावर. जाहिरातीतली शंभर यार्डांची चित्रं बघून रायफल निवडण्यात अर्थ नाही.

.१७७ ठरली.

८ फेब्रुवारी, शनिवार

एका गृहस्थाकडं .१७७ पीसीपी विकाऊ. दिसायला देखणी, अक्रोडाचा दस्ता, वर स्कोप, सगळी मिळून ३००. मी क्लबातलं वेग मोजायचं यंत्र मागून नेलं होतं. मोजू का म्हटल्यावर चेहरा जरा पडला.

८.४४ ग्रेन. ८१०. ८१४. ८१२.

८.४४ला १२ फूट-पाउंडांची रेष ८०० फूट/सेकंदाला लागते. ८१२ म्हणजे १२.३६. गृहस्थ म्हणाले, जरा 'ट्यून' केलीय, कोण मोजतंय? मीच मोजत होतो. यंत्र पिशवीत घातलं, चहाला नाही म्हटलं, निघालो. परदेशी पासपोर्ट, पगाराची नोकरी, आणि डिकीत प्रमाणपत्राविना बंदूक. घरी येईपर्यंत या विचारानंच पाठीला घाम. गाडीत तर ती नव्हतीही.

नियम क्रमांक एक, वहीच्या पहिल्या पानावर लिहिला: मोजल्याशिवाय पैसे नाहीत.

१ मार्च, शनिवार

सेक्रेटरीनंच विचारलं. त्याला आता खांद्याच्या दुखण्यामुळं पंप मारवत नाही, दुसरी रायफल आहेच, तर एस २०० घेतोस का? २४० पाउंड. हीच ती, दोन सेंटिमीटरवाली. घासाघीस केली नाही, जिभेवर आलं होतं तरी. समोर मोजून दिली: ७७० ते ७७९.

पंप (हातानं मारायचा, सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ): ६५. भिंतीला बोल्टनं आवळायचं कपाट: ४०, कारखान्यातल्या भंगारातून पत्रा घेतला म्हणून एवढ्यात. पिशवी: १५. उरले चाळीस.

१६ मार्च, रविवार

चाळीस पाउंडांत स्कोप आला आणि गेला.

एका दुकानात सेलमध्ये घेतलेला. जुळवला तेव्हा बरोबर. दहा छर्रे झाल्यावर सगळे दीड सेंटिमीटर उजवीकडं. पुन्हा जुळवला, पुन्हा सरकला. माझंच चुकतंय असं धरून तीन तास घालवले: माउंटचे स्क्रू आवळले, नळी पुसली, छर्रे बदलले. शेवटी सेक्रेटरीनं आपला स्कोप चढवून दिला आणि ग्रुप, म्हणजे छऱ्यांचा पसारा, पुन्हा नाण्याएवढा. दुकानदार म्हणाला, वापरलेला माल परत घेत नाही. न वापरता तो वाईट आहे हे मला कळणार कसं, याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं. वाद आठवडाभर चालला, २० पाउंड सुटले.

मग क्लबातल्याच एकाचा जुना, आडव्या-उभ्या रेषांवर बारीक खुणा असलेला स्कोप. ७० पाउंड. बजेट फुटलं. घरी सांगितलं. बायकोनं वहीत लाल पेनानं रेघ मारली आणि आकडा गोल केला.

आज पुन्हा कोणी स्वस्तात रायफल विचारली तर सांगीन, पैसे आधी स्कोपला बाजूला काढ. मी उलटं केलं.

६ एप्रिल, रविवार

पंपाची सवय. १०० बारवरून १९०पर्यंत न्यायला साठेक झटके लागतात. पहिले तीस गप्पा मारत, पुढचे वीस गप्प राहून, शेवटचे दहा पोटाचं वजन टाकून. मध्ये थांबायचं, पंप तापतो. तापला की त्यात ओल धरते आणि ती सिलिंडरमध्ये जाते.

एका भरण्यात किती छर्रे, ते मोजलं. हिच्यात दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर नाही, म्हणून वेग दाबाबरोबर बदलतो: पूर्ण भरल्यावर ७६६, मग हळूहळू वर ७७९पर्यंत, मग उतरतो. चाळिसाव्या छऱ्याला ७६४, पंचेचाळिसाव्याला ७५१. म्हणजे चाळीस खात्रीचे. पुढं लोभ नको. स्पर्धेत तीस लक्ष्यं असतात, एका भरण्यात निघतात. शेतावर चाळीस छर्रे लागले तर माणसानं रायफल विकावी.

छऱ्यांचे पाच डबे आजमावले. त्यात जेएसबी कंपनीचा ८.४४ ग्रेनचा या नळीला मानवला. पाचशेच्या डब्यात दहा-बारा तरी असे निघतात की खालचा घेर चेपलेला. बोटांनी चाचपून कळतं. एस २००मध्ये छर्रा एकेक हातानं सरकवायचा, खाचेत आडवा झाला की चिमट्यानं काढत बसा. सकाळी चार अंशांच्या थंडीत बोटं लाकडी झालेली, छर्रा बोटातून निसटून चिखलात. मासिकांतल्या परीक्षणांत एकेक छर्रा भरण्याला 'उणीव' म्हणतात. मला तो फायदा वाटायला लागलाय. प्रत्येक छऱ्यागणिक दहा सेकंद विचाराला मिळतात.

२७ एप्रिल, रविवार

पहिली स्पर्धा. तीस लक्ष्यं, पाडलं तर दोन गुण, पत्र्याला नुसता लागला तर एक, एकूण साठ. सुरुवात केल्यावर स्कोपला हात लावायचा नाही. अंतर डोळ्यानं, नेम खुणांवरून.

माझे ३५. पहिला आला त्याचे ५८.

चुकलेली बहुतेक अंतरानं चुकली. एक लक्ष्य दरीच्या पलीकडं, गर्द सावलीत. मी पंचेचाळीस धरलं, निघालं अडतीस. उन्हातलं लक्ष्य जवळ भासतं, सावलीतलं लांब. हे शेतावर उपयोगी पडणार, कारण ससे सावलीतच निघतात. दोन लक्ष्यं मात्र वाऱ्यानं नेली. सेक्रेटरी म्हणाला, गवताकडं बघ. गवत बघितलं. माझ्या पायाशी एकीकडं वाकलेलं, लक्ष्यापाशी दुसरीकडं.

११ मे, रविवार

शेतावर जाण्याआधी स्वतःची परीक्षा. दोन पेनींचं नाणं २६ मिलिमीटरांचं. पुठ्ठ्यावर त्याच्याभोवती पेन्सिल फिरवून वर्तुळं काढली. दहापैकी दहा वर्तुळात गेले तर ते अंतर शेतासाठी पास. बैठक शेतावर असेल तशीच: टेबल नाही, पालथं पडून किंवा गुडघ्यावर. अंग भिजलेलं असलं तरी मारायचं.

पालथं पडून: २० यार्ड, १०. २५, १०. ३०, १०. ३५, ८. ४०, ५.
गुडघ्यावर: २०, १०. २५, ८. ३०, ६.

रायफल चाळीसवर सहज मारते, ते सेक्रेटरीच्या हातात बघितलंय. म्हणून दस्त्यावर दोन पट्ट्या चिकटवल्या. डावीकडं क्लबची, ८ ते ४५. उजवीकडं शेताची. तिच्यावर पालथं ३०, गुडघ्यावर २० लिहून खाली काळी रेघ. शेतावर डावीकडची पट्टी टेपनं झाकायची.

२४ मे, शनिवार

सूर्य सव्वानऊला मावळतो. सातला पोहोचलो. शेतकऱ्यानं हद्द चालून दाखवली: इथून पलीकडं शेजाऱ्याचं, छर्रा तिकडं जाता कामा नये, इकडून पायवाट जाते, त्या बाजूला तोंड करून मारायचंच नाही, बिळं त्या बांधात, बांधच मागची भिंत. मग म्हणाला, "हेअर दिसले तर हात लावायचा नाही." मराठीत दोन्ही ससेच, पण हेअर चांगला दीडपट, कानाची टोकं काळी, आणि तो बिळात राहत नाही. म्हाताऱ्याचा त्याच्यावर जीव. गहू खाल्ला तरी.

वारा तोंडावर येईल अशी जागा धरून कुंपणाच्या सावलीत पालथा पडलो. त्याआधी बांधाकडं पावलांनी मोजून तीन खुणेच्या गोष्टी ठरवल्या: तुटका खांब २०, बिछवांचं (खाजऱ्या झुडपांचं) बेट ३०, पांढरा दगड ४०.

आठ वाजून दहा मिनिटं: पहिला ससा, पांढऱ्या दगडाच्या अलीकडं. अडतीस असेल. पुढचे पाय उचलून बसला, डोकं स्थिर, बाजू पूर्ण. क्लबात असतो तर मारला असता आणि कदाचित पाडलाही असता. गवताचं पातं मधूनमधून उजवीकडं झुकत होतं. बघत राहिलो. तो चार मिनिटं गहू खात होता, तेही बघितलं.

पावणेनऊ: दोन पिल्लं, बिछवांच्या बेटाच्या मागं. नको.

नऊ वाजता तुटक्या खांबाच्या थोडं पुढं एक, एकटाच बाहेर आला. चोवीस-पंचवीस. वारा पडलेला. नेम डोळा आणि कान यांच्या मधोमध. या अंतरावर छर्रा नेमापेक्षा चारेक मिलिमीटर वर लागतो, म्हणून केसभर खाली. चाप. 'टप्'च्या मागोमाग दुसरा आवाज, ओल्या लाकडावर बोट आपटल्यासारखा. ससा जागच्या जागी कलंडला. मागचा एक पाय दोनदा हलला, मग नाही.

उठायला मला वेळ लागला. गुडघे आखडले होते, असं वहीत लिहितो.

पावलं मोजली. सव्वीस.

८ जून, रविवार

आजवर शेतावर चार संध्याकाळी: सहा छर्रे, पाच ससे. सहावा छर्रा बांधात गेला. ससा टिपायच्या क्षणी वळला. क्लबात गुण ४१.

जमाखर्च: रायफल २४०, पंप ६५, कपाट ४०, पिशवी १५, गेलेला स्कोप २० (सुटलेले वजा जाता), आत्ताचा स्कोप ७०, छर्रे ३८. एकूण ४८८. अठ्ठ्याऐंशी जास्त. पंपाची रबरी रिंग गळतेय, ती कारखान्यातल्या पेटीतून लावली, शून्य.

पहिला ससा शेतकऱ्याला दिला होता, त्यानं त्याचा 'पाय' (पिठाच्या पारीत मांस घालून भाजलेला इंग्रजी पदार्थ) बनवला. कालचे दोन घरी आणले. साफ करताना काळीज-यकृत बघून घेतलं, स्वच्छ होतं. मांस कोंबडीपेक्षा घट्ट, चरबी जवळपास नाहीच. म्हणून कांदा-खोबऱ्याचं वाटण सढळ, तेल जरा जास्त, आणि मंद आचेवर दीड तास. धाकटीनं आधी ससा कुठला म्हणून विचारलं, मग रस्सा भुरकला. आईला व्हिडिओवर दाखवला. "तिखट कमी दिसतंय," म्हणाली.

सुकं खोबरं, इंडियन दुकानातून: २ पाउंड ४०. हे प्रकल्पात धरायचं, असं बायकोचं म्हणणं. धरलं.

४९० पाउंड ४०.